यात्रेला येतोय, पण एक विनंती आहे

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "दारू सुटली ना आता? अकरा महिने झाले. मग अजून किती दिवस त्या मिटिंगला जाणार?" मागून बाबांचा आवाज आला, "घरच्यांपेक्षा ती माणसं जवळची झाली." मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

बाबा, तुम्ही मला पंढरपूरला नेऊन माळ घातलीत, ती मी मनापासून घातली होती. आठ महिने टिकली. मग एका रात्री काढून खिशात ठेवली आणि प्यायलो. तुम्हाला वाटलं, पोराला विठ्ठलाची चाड नाही. तसं नव्हतं हो. त्या रात्री तलफ आली तेव्हा ज्याला सांगावं आणि जो ऐकून चिडणारही नाही, रडणारही नाही, असं एकही माणूस मला ठाऊक नव्हतं. पुढे येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवस राहिलो. निघताना बजावलं होतं की बाहेर गेल्यावर मिटिंग सोडू नका. मी सोडली. बरा झालो असं वाटलं, आणि चौथ्या महिन्यात एका वरातीत पुन्हा सुरू झाली. आमच्यात त्याला 'स्लिप' म्हणतात.

गेल्या वर्षी ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या संघटनेच्या, हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसाने आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "आज घेतलीय का? सकाळी हात थरथरतात का?" मी हो म्हणालो, तर म्हणाला, आधी डॉक्टरांना दाखवा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आपल्या आळीत कुणी पोराला खोलीत कोंडून सोडवायला निघालं असेल तर बाबा, एवढं त्यांना जरूर सांगा.

मग त्याने माझ्या घराजवळचा ग्रुप सांगितला. महापालिकेची शाळा, पहिला मजला, संध्याकाळी सात. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा तोच माणूस रस्त्यावर उभा होता. वर लहान मुलांच्या बाकांवर पंधरा-वीस जण बसलेले. रिक्षावाले, बँकेतले, एक निवृत्त हवालदार. प्रत्येक जण फक्त नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. फी नाही, रजिस्टरात सही नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद जमेल ते टाकतात, त्यातून चहा आणि जागेचं भाडं. यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. त्या दिवशी हवालदारकाका बोलले की बायकोच्या औषधाच्या पैशाची प्यायलो. मीही तेच केलं होतं आई, तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी. त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

आता तुमचा प्रश्न, अजून का जातो. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक माणूस कामासाठी गेला होता. पाच महिने दारू बंद होती, काम फिसकटलं, आणि हॉटेलात बार समोरच. त्याने चर्चवाल्यांना फोन लावून लावून दुसरा एक दारूत बुडालेला माणूस शोधला. त्याच्याशी बोललो तर आपण आजची रात्र वाचू, म्हणून. तो निघाला डॉक्टर बॉब. त्या दोघांपासून ए.ए. सुरू झाली. मलाही तसंच आहे. परवा शाळेच्या फाटकाशी एक पोरगा घुटमळत होता, त्याला मी वर नेलं. त्या रात्री मला शांत झोप लागली.

बाबा, तिथे कुणी देव बदलायला सांगत नाही. 'आपल्याला उमगलेला परमेश्वर' असं म्हणतात. माझा विठ्ठलच आहे. काढलेली माळ मी जपून ठेवली आहे. पुन्हा कधी घालायची ते तुम्हीच सांगा, मी घाई करणार नाही.

आई, तुझ्यासाठीही एक आहे. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या मिटिंग असतात, बिलच्या बायकोने, लोइसने, 1951 मध्ये सुरू केलेल्या. तिथे पहिल्यांदा सांगतात की त्याची दारू तुझ्यामुळे लागली नाही, तुला ती आवरता येणार नाही आणि तुला ती बरी करता येणार नाही. तू इतकी वर्षं बाटल्या शोधत राहिलीस, माझ्या साहेबांना फोन करून 'ताप आहे' सांगत राहिलीस, आणि अजून म्हणतेस की माझंच काहीतरी चुकलं. नाही चुकलं गं. पुण्याला आलीस की एकदा चल, मी दारापर्यंत सोडीन.

यात्रेला चार दिवस येतो. पालखीला खांदा देईन, पण रात्री भावकीतल्या मंडळींबरोबर मळ्यावर जाणार नाही. कुणी विचारलं तर 'तब्येत बरी नाही' म्हणू नका. सोडली आहे, असंच सांगा. आणि बुधवारी संध्याकाळी तालुक्याला ग्रुपची मिटिंग असते, तिथे जाईन. ती सगळ्यांना खुली आहे. बाबा, पाचची एस.टी. अजून फाट्यावर थांबते ना? बरोबर याल का?

तुमचा,
बाळू