ओटा आईच्या मापाचा होऊ दे

नाशिक

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेली नव्या इमारतीतल्या आपल्या किचनची थ्रीडी चित्रं काल रात्री निवांत पाहिली. देखणी आहेत. फिकट शेवाळी रंगाची मॅट शटर्स, हँडल कुठेच नाही, वरच्या कपाटांना सोनेरी चौकटीतली रेघारेघांची काच, पांढराशुभ्र ओटा आणि त्यावर करड्या शिरा. खाली तुमचा प्रश्न होता, 'पंधरा वर्षांनी हे जुनाट वाटेल का?' फोनवर याचं उत्तर नीट देता येणार नाही आणि बिल्डरचा माणूस पुढच्या महिन्यात ओट्याची उंची, नळ आणि विजेचे पॉइंट विचारायला येणार आहे. तो येण्याआधी हे पत्र तुमच्या हातात असावं.

माझ्या मते ते जुनाट वाटेल, आणि त्याला पंधरा वर्षं लागणार नाहीत.

आपल्या कोथरूडच्या जुन्या सोसायटीतली स्वयंपाकघरं आठवून पाहा. सुरुवातीला सगळीकडे पांढऱ्या छोट्या टाइल होत्या. मग मध्येमध्ये द्राक्षांच्या घडाची नाहीतर किटलीची चित्रं असलेल्या टाइल आल्या. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतली सरकती दारं आली. २००८-१० च्या सुमाराला ज्यांनी ज्यांनी किचन नवं केलं त्यांच्याकडे लाल-काळं चकचकीत अ‍ॅक्रिलिक आलं. तेव्हा ते बघायला आपण मुद्दाम वरच्या मजल्यावर गेलो होतो. आज ते दार उघडलं की किचन कोणत्या साली झालं ते न विचारता कळतं. जे तेव्हा सगळ्यात नवं होतं, तेच आज सगळ्यात आधी जुनं दिसतं. रेघारेघांची काच, सोनेरी पट्टी आणि हा शेवाळी रंग आत्ता प्रत्येक शोरूममध्ये, प्रत्येक जाहिरातीत आहेत, म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते.

आणि त्याच सगळ्या घरांत काय जुनं झालं नाही? काळा ग्रॅनाइट. स्टीलचं साधं सिंक. बिनचित्राची टाइल. सागाची फळी. यांच्याकडे कोणी कौतुकाने पाहिलं नाही, पण कोणाला ते काढून टाकावंसंही वाटलं नाही.

म्हणून मला वाटतं की स्टाइल कुठली हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. किचनमध्ये काही गोष्टी अशा असतात की त्या बदलायच्या तर घर फोडावं लागतं: ओटा, नळाच्या लाइन, विजेचे पॉइंट, कपाटांचे आतले बॉक्स. काही गोष्टी सुतार दोन दिवसांत बदलतो: शटर, हँडल. आणि भिंतीचा रंग तर रंगारी एका दिवसात बदलतो. पहिल्या प्रकारात फॅशन अजिबात नको, तिथे चांगला माल आणि बरोबर माप हवं. हौस शेवटच्या प्रकारात करायची. आई, तुला तो शेवाळी रंग मनापासून आवडलाय हे मला कळतंय. तो खिडकीच्या भिंतीला देऊ. पाच वर्षांनी कंटाळा आला तर दुसरा देऊ.

आता मापाबद्दल. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

आई, जुन्या घरात ओट्यापुढे तुझा पाट असायचा. कुकरमध्ये डाळ शिजली का बघायला, कढईत नीट ढवळायला तू त्यावर चढायचीस. टाचेखालची त्याची कड झिजून गुळगुळीत झाली होती. आम्हाला लहानपणी वाटायचं की प्रत्येक स्वयंपाकघरात असा पाट असतोच. तो ओटा कॉन्ट्रॅक्टरने सगळ्या फ्लॅटना एकाच मापाने बसवला होता आणि तू चाळीस वर्षं त्याच्या मापाने वागलीस. आत्ताच्या चित्रातही ओटा ३४ इंचांवर आहे, कारण शोरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच माप भरलेलं असतं.

बरोबर माप काढणं सोपं आहे. कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तुझी उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे कोपर ३७ इंचांच्या आसपास येईल. ओटा ३१ ते ३३ इंचांमध्ये हवा. भाजी चिरायला एक उंची बरी आणि पोळ्या लाटायला त्याहून इंच-दोन इंच कमी, कारण लाटताना खांद्यातून वजन टाकावं लागतं. शेगडीचंही बघावं लागेल. ओट्यावर शेगडी चार-पाच इंच, तिच्यावर पाच लिटरचा कुकर, म्हणजे झाकण पुन्हा तुझ्या खांद्यापाशी. म्हणून शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घ्यायला सांगा. दगड बसवण्याआधी सांगितलं तर बिल्डर ते सहज करून देईल. नंतर मात्र कोणी करणार नाही.

बाबा, तुम्हाला गोष्टींचा इतिहास आवडतो म्हणून एक सांगते. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ १९२६ सालच्या फ्रँकफर्टमध्ये आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी तिथल्या सरकारी घरांसाठी ते आखलं आणि तशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. माप साधारण सव्वासहा बाय अकरा फूट, म्हणजे आपल्या नव्या किचनएवढंच क्षेत्रफळ. त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर अभ्यासलं. बाई कुठून कुठे किती चालते ते मोजलं आणि मग ओटा, सिंक, शेगडी यांच्या जागा ठरवल्या. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे खण केले, ओतायला तोटी असलेले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की खिडकीजवळ कामाची बसकी जागा होती आणि तिच्यापुढे फिरतं स्टूल. भाजी निवडायची ती उजेडात आणि बसून. शंभर वर्षं होत आली, त्यातला रंग आणि मुठी जुन्या दिसतात, पण ती मांडणी आजही जशीच्या तशी वापरता येईल.

आपल्याकडे तर स्वयंपाक बसूनच व्हायचा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजी विळीवर भाजी चिरायची, पाटावर बसून भाकरी थापायची. ओटा आला आणि सगळं उभ्याने सुरू झालं. आई, तुझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत आणि तासभर उभंही राहू देत नाहीत. मधला मार्ग ठेवू या. खिडकीखाली अडीच फूट रुंदीचा तुकडा २८ इंचांवर घ्यायचा, खाली कपाट न करता मोकळा ठेवायचा, म्हणजे खुर्ची आत सरकेल. मेथी निवडणं, लसूण सोलणं, मोदकाच्या पाऱ्या करणं सगळं तिथे. चित्रात त्या जागी बाटल्या ठेवायचा, बाहेर ओढायचा उभा खण दाखवलाय. त्याची आपल्याला गरज नाही.

दगडाबद्दल माझं मत ठाम आहे, काळा किंवा स्टील ग्रे ग्रॅनाइटच घ्या. तो पांढरा ओटा क्वार्ट्झचा आहे, म्हणजे दगडाचा चुरा रेझिन नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात बांधलेला. गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर थेट ठेवली तर रेझिन करपून कायमचा डाग पडू शकतो, आणि आपल्या घरात कढई खाली ठेवताना कोणी थांबून विचार करत नाही. हा दगड कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ जाऊन इतके आजार झाले की ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी घातली. संगमरवर तर नकोच, लिंबू, चिंच, कोकम काहीही सांडलं की त्याची चकाकी जाते. कडप्प्याचंही तेच, तो चुनखडीचाच दगड. फळ्यांना तो उत्तम, ओट्याला नाही. सोसायटीत बोअरचं पाणी येणार असेल तर अगदी काळ्या दगडावर पांढरे डाग उठून दिसतात, म्हणून मी स्टील ग्रे म्हणते.

आणि बाबा, हॉब, म्हणजे ओट्यात खाचून बसवलेली शेगडी, नको. मला माहितेय तो तुम्हाला आवडलाय. पण हॉबसाठी ग्रॅनाइटमध्ये भोक पाडतात आणि प्रत्येक कंपनीच्या मॉडेलचं माप वेगळं असतं. तो बिघडला, तेच मॉडेल मिळालं नाही, तर त्या भोकात बसेल तेच घ्यावं लागतं नाहीतर दगड बदलावा लागतो. भिंतीत बसवायच्या मायक्रोवेव्हचंही तसंच. खाली घेतलेल्या ओट्यावर साधी तीन बर्नरची शेगडी ठेवली की आईला उचलून पुसताही येते. पाइप गॅसचा कॉक कपाटाच्या आत झाकू देऊ नका, हात सरळ पोचला पाहिजे.

बॉक्स आणि शटर. सिंकखालचा भाग तरी पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचाच हवा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. शटरला एक मिलिमीटर जाडीचा मॅट लॅमिनेट, खाली सागासारखा मध्यम तपकिरी, वर साईच्या रंगाचा. दार सपाट असू दे. सेल्समनने जे शेकर दार दाखवलं, मध्ये खोलगट फळी आणि भोवती चौकट, ते अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या साध्या फर्निचरवरून आलंय आणि शैली म्हणून ते खरंच टिकलंय. पण आपल्याकडे रोज फोडणी होते. त्या चौकटीच्या आतल्या कडेला तेलकट धूळ बसते आणि ती काडीने काढावी लागते. आई, ते काम तुझ्यावर यायला नको.

हँडल हवंच. बिनहँडलच्या दाराला वरच्या खाचेत बोटं घालून ओढावं लागतं आणि आईची बोटं सकाळी आखडलेली असतात. त्या पन्हाळीत कणीक, हळद, सगळं साचतं ते वेगळंच. स्टीलचं साधं, मुठीत मावेल असं हँडल घ्यायचं आणि दोन स्क्रूंमधलं अंतर १२८ मिलिमीटर ठेवायला सांगायचं. हे ठरलेलं माप आहे, पुढे कधी हँडल बदलावंसं वाटलं तर बोहरी आळीत त्याच भोकांत बसणारी पन्नास तऱ्हेची मिळतील. शटर न काढता किचन नवं दिसेल.

बाबा, तुमच्या ट्रॉल्यांच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे. ओट्याखाली एकही दारवालं कपाट नको, सगळ्या ओढायच्या ट्रॉल्या, त्या ज्यांवर सरकतात ते चॅनल चांगल्या कंपनीचे आणि पूर्ण बाहेर येणारे. वाकून, डोकं आत घालून डबा शोधायचे दिवस संपले. पैसे कमी पडले तर काच आणि सोनेरी पट्टी काढून टाका, चॅनलमध्ये काटकसर नको. लॉफ्टवर दिवाळीचे डबे आणि मोठी पातेली एवढंच, आणि ते काढायला आम्ही येऊ. तुम्ही दोघांनी स्टुलावर चढायचं नाही.

टाइल पांढुरकी, बिनचित्राची, सांध्यात इपॉक्सी भरून, म्हणजे हळद मुरत नाही. एक खोकं जास्तीचं घेऊन ठेवा, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही. वरच्या कपाटांखाली दिव्याची पट्टी हवी, नाहीतर चिरताना स्वतःचीच सावली हातावर पडते.

आणि एक उघडी फळी मला हवी आहे, सिंकपासून लांब. तांबट आळीतून आजीने घेतलेला तो पितळी डबा आणि तांब्याचा हंडा सध्या भाड्याच्या घरात खोक्यात पडलेत. त्या चित्रांत कुठेच आपलं काही दिसत नव्हतं, तुमच्या दोघांचंही. ही फळी असली की दिसेल.

आई, बाबांनी विचारलं की तू 'मला काहीही चालेल' म्हणतेस. या वेळी तसं म्हणू नकोस. नव्या इमारतीतलं बाकी सगळं बिल्डरने आणि कमिटीने ठरवलंय, एवढे सत्तर चौरस फूट तरी तुझ्या शब्दाने होऊ देत. मी सांगितलेल्या कशाला तुझी ना असेल तर तसं स्पष्ट सांग, मी ते बदलेन.

बाबा, एक काम तुमच्याकडे. उद्या सकाळी आईला घरातल्या चपला घालून भिंतीला पाठ लावून उभी करा, कोपर काटकोनात, आणि टेपने जमिनीपासून मोजा. मग तिला लाटणं देऊन डायनिंग टेबलवर एक पोळी लाटायला सांगा, पोळपाटाखाली एकेक जाड वही वाढवत. ज्या उंचीला ती 'आता बरं वाटतंय' म्हणेल तेही मोजा. दोन्ही आकडे मला पाठवा. रविवारी मी ड्रॉइंग करून धाडते, त्यावर बिल्डरच्या माणसाची सही घ्यायची.

तुमची,
मीनल