जा खुशाल, पण गाडी वाळूत घालू नका

चिमे,

परवा तुझा मेसेज आला तेव्हा फोन बाबांच्या हातात होता. त्यांनी ‘मेक्सिको’ वाचलं, ‘तंबू’ वाचलं आणि फोन माझ्याकडे देऊन नारळांना पाणी घालायला गेले ते तासाभराने उगवले. मी मात्र तेव्हापासून रोज रात्री भांडी आवरली की मेक्सिकोच्या त्या लांबट द्वीपकल्पाचा, बाहा कॅलिफोर्नियाचा नकाशा उघडून बसते, आता तिथले पेट्रोल पंपसुद्धा पाठ झालेत माझे, हसू नकोस.

तर पहिलं हे की जा. नको म्हणायला लिहीत नाहीये. पण तू पाठवलेला तो एक्सेलचा तक्ता बघितला, चौघं जण, नऊ दिवस, सॅन दिएगो ते पार दक्षिण टोकाचं काबो आणि परत, माणशी अडीचशे डॉलर. अगं तेवीस वर्षं पतसंस्थेत काढलीत मी, कर्जाच्या अर्जात लोक कुठला खर्च गाळतात ते मला बरोब्बर कळतं. विम्याचा रकाना कुठाय?

तुझा मित्र म्हणतो बॉर्डरवर कोणी विचारत नाही. नसतील विचारत. पण अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला वेगळा घ्यावा लागतो, ऑनलाइन मिळतो, दिवस मोजून. आणि विमा नसताना कोणाला धक्का लागला तर चूक कोणाची आणि भरपाई कोण देणार हे ठरेपर्यंत तुम्हाला अडकवून ठेवू शकतात. मी दिवसाला बावीस डॉलर धरलेत, चौघांत साडेपाच येतात, तेवढ्यात तर तुमची कॉफी येते. गाडी मित्राची आहे म्हणतेस ना, मग तिचे कागद आणि तो स्वतः, दोन्ही बरोबर हवेत. बाकी बाहामध्ये गाडीचं ते तात्पुरतं आयात परमिट लागत नाही, खाली मुख्य मेक्सिकोत लागतं, तेवढे पैसे वाचले.

दुसरं म्हणजे काबो विसरा. तिहुआनापासून काबोपर्यंत तो एक नंबरचा हायवे सतराशे किलोमीटरच्या वर आहे. १९७३ साली पूर्ण झाला, त्याआधी बराचसा कच्चा मार्ग होता. आजही बराच भाग दोन पदरी, कडेला उतरायला जागा नाही. नऊ दिवसांत जाऊन यायचं तर रोजचे चारशेच्या आसपास होतात, मग समुद्रात पाय कधी बुडवणार, आणि एक दिवस जरी कुठे अडकलात की तो भरून काढायला रात्री गाडी हाणणार. हे मात्र मी चालू देणार नाही. रात्री तिथे गाई-गुरं रस्त्यावर येतात, काळा रस्ता त्यावर काळी गाय, तुला आपला चिपळूणचा रस्ता आठवत असेल. चार वाजता जागा शोधायला लागायचं, अंधाराच्या आत तंबू उभा. म्हणून माझं म्हणणं की मुलेहे गावाच्या खालचा कन्सेप्सियोन उपसागर आहे ना, तिथूनच मागे फिरा. एका बाजूने हजार किलोमीटर. पाणी आत वळलेलं, शांत, आपल्या खाडीसारखं, सांतिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन असे एकापाठोपाठ किनारे, झावळ्यांनी शाकारलेले मांडव उभे असतात त्याला पालापा म्हणतात, गाडीमागे रात्रीचे दोन-तीनशे पेसो द्यायचे, रोख.

वाटेत एल रोसारियोला टाकी पूर्ण भरा, अर्धी असली तरी भरा. पुढे गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशेच्या वर किलोमीटर पंप नाही, मध्ये कातावीन्याला लोक पिंपातून विकतात पण त्यावर विसंबायचं नाही. पंपावर माणूसच भरून देतो, आकडा शून्यावर आहे का बघायचं आणि मगच नळी लावू द्यायची, हे काय तुला इथे राहिलेलीला शिकवायला नको. वाटेत सैनिकांची नाकी लागतात, गाडी तपासतात, काच खाली करून नीट बोलायचं. गेरेरो नेग्रोला अठ्ठावीस अंशाच्या रेषेवर मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे जातं, त्यानंतर उत्तरेकडची घड्याळं पुढे करतात आणि फरक उरत नाही, तेव्हा चार वाजताचा नियम तिथे कुठल्या चारला याच्यावर वाद घालू नका.

कागदांचं. तुझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे म्हणून मेक्सिकोचा वेगळा लागणार नाही. पण आय-२० वर, त्या विद्यार्थी असल्याच्या कागदावर, कॉलेजच्या ऑफिसची प्रवासाची सही वर्षभराच्या आतली आहे का ते आजच बघ, निघायच्या आदल्या दिवशी नको. आणि बॉर्डर गाडीने ओलांडताना तुम्हाला कोणी थांबवेलच असं नाही, आपणहून थांबून इमिग्रेशनच्या ऑफिसात पासपोर्टवर शिक्का आणि पर्यटक म्हणून आत आल्याचा तो एफएमएमचा कागद घ्यायचा. लोक सरळ पुढे निघून जातात म्हणे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. २०२४ च्या एप्रिलमध्ये एन्सेनादाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर तंबू टाकून राहिलेले तीन सर्फर मारले गेले, तिशीतली मुलं. गाडीसाठी, टायरसाठी झालं म्हणतात. मी ती बातमी पुन्हा काढून वाचली. त्यावरून सगळा देश वाईट असं मी म्हणणार नाही, हजारो माणसं दर वर्षी त्या रस्त्याने जाऊन येतात. पण तुझ्या तक्त्यात पहिल्या दोन रात्रींपुढे ‘फ्री बीच’ असं लिहिलंय ना, ते खोड. तिथे किनारे सरकारी मालकीचे, सगळ्यांना मोकळे, हे मलाही माहितीय. मोकळा असणं वेगळं आणि शेजारी माणूस असणं वेगळं. सॅन क्विंतीनला पैसे देऊन कॅम्पात राहा, जिथे चार कुटुंबं आहेत, कोणाची तरी आजी खुर्ची टाकून बसलीय, तिच्या शेजारी तंबू लावा. पेट्रोलमध्ये काटकसर करा, खाण्यात करा, शेजारात नको.

आणि भरती. हे सांगताना मला एक गोष्ट कबूल करावी लागणार, माझ्या अप्पांनासुद्धा मी कधी बोलले नव्हते. १९९४ साली आम्ही सहा जणं चिपळूणहून गुहागरला गेलो होतो, घरी मामीकडे जाते सांगून. एकाच्या वडिलांची मारुती ओम्नी, दुकानाचा माल आणायची, तिच्यात गूळ आणि खोबरेलाचा वास. माणशी नव्वद रुपये काढलेले. संध्याकाळी पाचला पोचलो तर पूर्ण ओहोटी, ओली वाळू अशी घट्ट की डांबरी रस्ता झक मारेल, गाडी थेट खाली नेली, दोन फेऱ्या मारल्या आणि तिथेच उभी करून वर सुरूच्या बनात चादरी टाकल्या. पौर्णिमा होती, गाणी काय म्हणतोय, चंद्र काय बघतोय. आता बघ, कोकणात जन्मलेली सहा माणसं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हे सगळ्यांना लहानपणापासून पाठ, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यात पौर्णिमेचं उधाण, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. साडेदहाला एक जण खाली गेला तो ओरडतच आला. चाकं अर्धी वाळूत आणि पाणी दाराशी. रेस करू तेवढी खाली जात होती. शेवटी खारवीवाड्यातली माणसं उठून आली, जाळ्याचा दोर बांधून, दहा-बारा जणं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओढली. पैसे घेतले नाहीत. एक म्हातारी मात्र आम्हाला चहा देताना सारखी हसत होती, ते हसणं अजून आठवतं मला. खाऱ्या पाण्याने ब्रेक गेले, वायरिंग गेलं, माझ्या वाट्याला सहाशे रुपये आले, ते मी शिकवण्यांच्या पैशातून पाच महिने फेडले. ही आमची नव्वद रुपयांची ट्रिप.

तर आपला पाऊणपटीचा हिशोब तिकडे चालायचा नाही, प्रत्येक बंदराचं वेळापत्रक वेगळं असतं, त्या-त्या ठिकाणचं भरतीचं टाइमटेबल बघायचं. रेकेसोनला वाळूची पट्टी आहे, ओहोटीला समोरच्या बेटापर्यंत चालत जाता येतं, भरतीला तीच पाण्याखाली. फोटोसाठी गाडी तिथे नेऊ नका. तुमची गाडी फोर बाय फोर नाही, वाळूत घालायचीच नाही, घातली आणि रुतलीच तर रेस न करता टायरमधली हवा कमी करायची, म्हणून हवा भरायचा छोटा पंप डिकीत हवा. तंबू कुठे लावायचा ते वाळलेल्या शेवाळाची रेघ बघून ठरव, ती रेघ म्हणजे पाणी येऊन गेलेली जागा, तिच्या बरंच वर.

खुंट्या वाळूत टिकत नाहीत, गोणीत वाळू भरून पुरायच्या आणि त्यांना दोऱ्या बांधायच्या. तिथे उत्तरेचा वारा सुटला की दोन-दोन दिवस थांबत नाही. मेक्सिको म्हणजे उकाडा असं धरून चालू नकोस, मार्चमध्ये पॅसिफिकच्या बाजूला रात्री चांगलंच गार असतं, जाड पांघरूण ने. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत-घासत चालायचं, वाळूत पाखट, ते नांगीवाले चपटे मासे, दडलेले असतात, पाय घासला की ते पळतात. नांगी लागलीच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय, आणि डॉक्टर.

तुमच्यातली ती गुजराती मैत्रीण शाकाहारी आहे ना, तिला सांग की तिथल्या घोटलेल्या राजम्यात आणि मैद्याच्या टॉर्टियात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, ‘मांतेका’ शब्द पाठ करून ठेवा आणि विचारा. मक्याच्या टॉर्टिया दुकानात किलोवर मिळतात, गरम गरम, त्यावर कांदा-टोमॅटो-लिंबू, झालं जेवण. डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर ने, आपल्या लसणाच्या चटणीला तिथे कोणी नावं ठेवणार नाही. पिण्याचं पाणी नळाचं नाही, वीस लिटरचा बाटला असतो तो गावागावात भरून मिळतो, छोट्या बाटल्या घेत बसू नका.

एका ठिकाणी मात्र माझा हिशोब तुझ्यापेक्षा जास्त उधळा आहे. तू देवमासे काटलेस. अगं गेरेरो नेग्रोजवळची ती खाडी, ओहो दे लिएब्रे, नावातच ओहो आहे, तिथे करडे देवमासे थेट आर्क्टिककडून येतात पिल्लं घालायला, मार्चमध्ये आया आणि पिल्लं होडीच्या जवळ येतात. एकोणिसाव्या शतकात त्याच खाडीत त्यांची बेसुमार शिकार झाली. १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे ती जागा. हजार किलोमीटर जाऊन ते न बघता परत येणार? माणशी हजार-बाराशे पेसो धर.

मी केलेली बेरीज अशी, पेट्रोल पाच हजार पेसो, विमा साडेतीन, कॅम्प अडीच, जेवण नऊ, देवमासे पाच, हाताशी ठेवायला तीन. अठ्ठावीस हजार, माणशी सात हजार, म्हणजे पावणेचारशे डॉलरच्या वर. वरचे सव्वाशे मी पाठवते, आजच टाकते, भिशीचे आलेत. रोख पेसो गावातल्या एटीएममधून काढ आणि मशीन डॉलरमध्ये बदलून देऊ का विचारतं तेव्हा नाही म्हण. गाडी बंद पडली तर हिरव्या गाड्या फिरतात, आंखेलेस व्हेर्देस, ०७८, मदत फुकट असते, पार्टचे पैसे तेवढे द्यायचे. संकटाला ९११.

रोज तंबू लावून झाला की एक मेसेज, रेंज नसेल त्या दिवशी नसेल हे मी धरलंय, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवाच.

बाबांना मी फक्त देवमाशांचं सांगितलंय. एप्रिलची ती बातमी सांगितलेली नाही, ओम्नीचीही नाही. तू फोनवर बोलून बसू नकोस.

आई