डबा खालूनच वाजवा

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगणार होते. तीनदा फोन लावला आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून ठेवला. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग चिडा.

मी निघाले त्या पहाटे, तुम्ही दोघं झोपलेले असताना, दादाने आणि मी बदकांच्या चार माद्यांचे पंख कापले. एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. संध्याकाळी पत्र्यावर कुणी नसतं आणि भिंगरी कुंपणापाशी उभी राहून एकाच बाजूला कलते. आजारी नाहीये ती. मीच केलंय ते.

कापली ती फक्त पिसं. दादाने एकेकीला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं, मी एकच पंख उघडला आणि बाहेरची लांब पिसं वरच्या बारीक पिसांच्या खालून कापली. एकाच बाजूची, म्हणजे तोल जातो आणि उंच उडता येत नाही. प्रत्येक पिसाची दांडी टॉर्च धरून पाहिली. नव्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ती गडद दिसते, आणि तिला कात्री लागली तर भळभळा वाहतं. सोनीच्या पंखात तसं एक होतं, ते सोडलं. बाकी नखं कापावीत तसं. कुणी ओरडलं नाही, चिमणी तर टॉवेलमध्येच झोपली. पुढच्या वेळी पिसं गळतील तेव्हा कापलेले खुंटही गळून पडतील आणि नवीन येतील. चार दिवसांच्या पिल्लाच्या पंखाचं टोकच छाटून टाकायची पद्धत असते ना, ते मात्र कायमचं. तसलं मी कुणालाही करू देणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

ठमीला हात लावला नाही. ती खुडूक बसलीये, तिला उठवायचं जिवावर आलं. आणि रावसाहेबांचा प्रश्नच नाही, माद्यांच्या जवळजवळ दुप्पट वजन, ते कुठले उडतात!

आता कारण. बाबा, गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तुमचा पाय घसरला. तुम्ही सावरलात आणि मग आधी मागे वळून पाहिलंत, कुणी पाहिलं का ते. मी पाहिलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना, तसल्या गुडघ्याने, रोज अंधार पडताना पत्र्यावर चढायचं, कशाला? तर बाईसाहेब वर बसल्यात आणि त्यांना खाली आणायचंय म्हणून. मस्कोव्ही बदकंच ती, पायाला नखं, झाडाझुडपांवर बसायची जात. दादा म्हणतो, पांढरी पेकिन आणली असती तर जमिनीवरच राहिली असती. तुमचं उत्तर मला पाठ आहे.

तुमचं म्हणणं मला मान्य नाही असं नाही, बाबा. पोटभर खायला मिळालं, पाणी असलं, रोज त्याच वेळेला हाक आली की उडणारी बदकंही परत येतात. तुमची आलीच इतकी वर्षं. एक गौरी तेवढी आली नाही आणि तिच्या वाटणीचं तुम्ही किती दिवस काढून ठेवत होतात, हे आईने मला नंतर सांगितलं. ‘जिला उडता येतं तिचे पंख आपण कापायचे नाहीत,’ हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा बदकांबद्दल बोलला नव्हतात, तेही आईनेच सांगितलं. ते ज्या मुलीसाठी बोललात तिनेच कात्री चालवली. आठ दिवस हेच डोक्यात आहे.

लहानपणी तुम्ही डबा खडखडवलात की बदकं यायची आणि मीही यायचे, आठवतं? खेळ अर्धा टाकून. आई म्हणायची, सात मोजली आणि एक आपली, आठ. माझ्यामागे पिल्लांची रांग असायची, कारण अंड्यातून बाहेर आल्यावर त्यांनी पहिली मलाच पाहिली होती. मी त्यांची आई आहे हे मला इतकं खरं वाटायचं की मी त्यांच्याबरोबर टबात बसून जेवायचा हट्ट करायचे. आणि आई, तू एकदा वाढलंसही तिथे.

बरं, आता मी सांगते तसं करायचं.

ज्यांना उडता येत नाही त्यांना कुत्र्यापासून पळताही येत नाही. म्हणून दिवेलागणीला सगळ्या खुराड्यात गेल्याच पाहिजेत आणि कडी लागलीच पाहिजे. संध्याकाळचं दाणापाणी बाहेर द्यायचं नाही, आतच. डबा खालूनच वाजवा, त्या येतात. टाकीत मी विटांच्या पायऱ्या रचल्यात, त्या हलवू नका. आता त्यांना काठावर उडी घेता येणार नाही, आत अडकल्या तर दमून बुडतील. आत बसायची फळी दादाने गुडघ्याएवढी खाली आणलीये, वरून पडून पाय दुखावायला नकोत.

ठमीचे पस्तीस दिवस भरायला अजून बारा आहेत. पिल्लं आली की कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य तसंच घालू नकोस आई, त्यातलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, बदकांना पुरत नाही. त्यात रोज थोडं यीस्ट मिसळ, डबी फडताळात ठेवलीये. मागच्या वेळी त्या एकाचे पाय वाकले ते यामुळेच असणार, तुझ्या हयगयीने नव्हे. तू उगाच मनाला लावून घेतलंस. त्याला पदरात घेऊन फिरायचीस ते मी विसरलेले नाही.

गोळ्यांच्या डबीवर वार लिहिलेत, बाबा. गुरुवारची मागच्या वेळी तशीच राहिली होती.

पिल्लं अडीच-तीन महिन्यांची झाली की उडू लागतील. तोवर मी येतेच. माद्यांची नवी पिसं आली की कापायची की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर मी कात्री हातात घेणार नाही. पण मग संध्याकाळी वर चढायचं झालं तर मी चढेन, नाहीतर दादा चढेल.

रागावला असाल तर चार दिवस रागवा. रविवारी मात्र फोन उचला.

तुमची,
आठवी

ता. क. शिडी शोधू नका. दादा घेऊन गेलाय.