प्रश्नावली थोडी बाजूला ठेव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी माहिती कशी शोधतात, पारखतात आणि वापरतात, म्हणजे त्यांची माहिती साक्षरता, यावरच्या तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस एका बैठकीत वाचून काढला. दुसऱ्या प्रकरणात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो. पुढच्या प्रश्नावलीला त्याचा पत्ताच नाही! गाईड म्हणतात म्हणून सिद्धांत लावू नकोस. त्याने तुझे प्रश्न बदलणार असतील तरच लाव. आणि तुझ्या प्रश्नावलीतला प्रश्न बघ: 'तुम्ही माहितीची विश्वासार्हता तपासता का?' यावर 'कधीच नाही'पुढे खूण करणारी नर्सिंगची एक तरी विद्यार्थिनी मला दाखव.

गंमत बघ. अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचा अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की, त्याने १९७४ मध्ये माहिती साक्षरतेची कल्पना मांडली ती कामधंद्याच्या संदर्भात. पुढे आपण ग्रंथालयवाल्यांनी तिची कौशल्यांची यादी करून टाकली. (आपल्याला याद्यांची हौसच.)

माहिती साक्षरतेची अभ्यासक अ‍ॅनमरी लॉइड, तिचं काम वाच. ऑस्ट्रेलियातल्या अग्निशमन जवानांचा तिने अभ्यास केला. नवशिका जवान नियम, कार्यपद्धती सगळं पाठ करून येतो, पण ते झालं कागदावरचं शिक्षण. प्रत्यक्ष आगीपुढे तो जुन्या जवानांकडून आणि स्वतःच्या कानानाकातून, अंगातून शिकतो. साक्षरता एकट्याच्या डोक्यात नसते, ती त्या कामात आणि माणसांत असते, हे तिथे दिसतं.

तुझ्या वॉर्डात तेच आहे. ड्यूटी बदलताना जाऊन उभा राहा. फाइलमध्ये बीपी, पल्स, औषधं सगळं असतं. पण जाता जाता सिस्टर सांगते, 'तीन नंबरकडे बघ गं, चेहरा बरोबर वाटत नाहीये मला.' ही माहिती कुठल्या डेटाबेसमध्ये शोधणार? आणि ती कोणाला सांगितली जाते, कोणाला नाही?

इथे मात्र लॉइडवर थांबू नकोस. 'सगळे मिळून शिकतात' हे चित्र जरा जास्तच गोड होतं. माहितीशास्त्राची अभ्यासक एल्फ्रेडा चॅटमन हिने अमेरिकेत सफाई कामगार आणि तुरुंगातल्या बायकांचा अभ्यास केला. गरज असूनही माणसं विचारत नाहीत, लपवतात, कारण विचारलं की आपण उघडे पडतो, हे तिने दाखवलं. पहिल्या वर्षाची मुलगी डोस विचारायला का घाबरते, हे तुला चॅटमनकडून कळेल. मला विचारशील तर तुझा खरा प्रबंध तिथेच आहे.

बोर्द्यूला सरळ काढून टाक, गाईडशी मी बोलतो. प्रश्नावली हवी तर शेवटी ठेव, पण वॉर्डात बसायचं तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागेल आणि त्यांच्या बैठका रोज होत नसतात. अर्ज याच आठवड्यात टाक. मसुदा आधी मला पाठव.

तुझाच मित्र