गाडी सेकंडवर उचलायची

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई 'जेवलीस का' म्हणते आणि बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात. म्हणून लिहूनच कळवते. इथे कॅनडातच, शिकूतिमी गावच्या नोकरीच्या करारावर मी सही केली आहे. एक तारखेपासून रुजू होईन. रागावू नका. रागावलात तरी जेवून घ्या.

मॉन्ट्रियलमध्ये मेट्रो होती, चार मराठी माणसं होती, गाडीची गरज नव्हती, सगळं ठाऊक आहे. बाबांनी ते सांगितलं आणि आईने दादाकडून पुन्हा सांगवलं. पण तिथलं काम कागदावरचं होतं, अहवाल लिहायचे आणि मीटिंगा करायच्या. शिकूतिमीच्या भोवतीचा सागनेचा हा मुलूख अ‍ॅल्युमिनिअमवर जगतो. वितळलेला धातू समोर बघत काम करायला मिळतं ते इथे. शिवाय भाडं कमी. शिवाय घर मोठं, तुम्ही आलात की तुम्हाला वेगळी खोली. शिवाय... जाऊ दे. एवढी कारणं देते आहे म्हणजे मलाच चुटपुट लागली आहे, हे आईने ओळखलंच असेल.

खरी भीती रस्त्याची आहे ना? मग रस्त्याचंच सांगते. काकांनी ग्रुपवर टाकलेला तो एकावर एक ट्रक आदळल्याचा व्हिडिओ इथला नाही. माझं ऑफिस घरापासून जवळ आहे. लांबचा रस्ता एकच, क्वेबेक शहराकडे जाणारा १७५ नंबरचा, दोनशेच्या वर किलोमीटर. मधला बराच भाग राखीव जंगलातला. वस्ती नाही, साधारण मध्यावर लेताप नावाचा थांबा, काही ठिकाणी फोनला रेंज नाही. पण येणारे आणि जाणारे आता वेगवेगळ्या पट्ट्यांतून जातात, समोरून ट्रक अंगावर यायचा प्रश्न नाही. कुंभार्ली घाटाच्या वळणांपेक्षा सरळ रस्ता आहे, बाबांना बघताक्षणी पटेल. आणि निघण्याआधी क्वेबेक ५११ वर रस्त्याची खबर बघते. खराब असेल तर निघत नाही. तसं मी साहेबांना आधीच सांगून ठेवलं आहे.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. गाडीत 'स्नो' लिहिलेलं एक बटण आहे. ते दाबलं की रेस दिल्यावर गाडी उसळत नाही. पाय तेवढाच दाबला तरी इंजिन ताकद बेताबेताने सोडतं, वरचा गिअर लवकर पडतो आणि माझ्या गाडीत सुरुवातच सेकंडवर होते. एखादं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर त्याला ब्रेक लागतो आणि ताकद पकड असलेल्या चाकांकडे जाते. ओळखलंत ना? पोफळीच्या पुढे चिखलात मुक्कामाची एस्टी रुतली की तुम्ही ती फर्स्टवर कधीच उचलली नाहीत. 'फर्स्टवर चाक जागेवर नाचतं. सेकंड टाकायचा, हलकी रेस, गाडी आपसूक निघते,' असं तुम्ही कंडक्टरकाकांना सांगायचात आणि मी इंजिनच्या गरम बॉनेटवर बसून ऐकायचे. आईने कानांवरून बांधलेला तो हिरवा मफलर ओला झालेला असायचा आणि तुम्ही गाडी हाकता हाकता मागे न बघता म्हणायचात, 'बेबी, पाय वर घे.' सगळ्यांना वाटायचं मी गाडीत झोपते. मी झोपत नव्हते.

मात्र हे बटण गाडी हलवायला आहे, थांबवायला नाही. नवखे लोक इथेच फसतात. गाडी सरसर निघाली की त्यांना वाटतं रस्ता चांगला आहे, आणि पुढच्या सिग्नलला बर्फावरून सरळ घसरत जातात. बटणाने ब्रेक लवकर लागत नाहीत. म्हणून वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर. मागच्याने हॉर्न वाजवला तरी वाजवू दे. उतारावर तुमचाच नियम, ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. फक्त एका बाबतीत तुमची विद्या इथे चालत नाही. एस्टीला तेव्हा ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नव्हतं, तुम्ही ब्रेक मारत-सोडत यायचात. इथे एकदा दाबला की दाबूनच धरायचा, पायाखाली पेडल थरथरलं तरी सोडायचा नाही. आणि भुसभुशीत बर्फात गाडी पूर्णच रुतली तर चाक फिरू न देणारी ती यंत्रणा थोडा वेळ बंद करावी लागते, नाहीतर ती ताकदच देत नाही. कोरड्या रस्त्यावर बटण बंद.

बटणापेक्षा टायर महत्त्वाचे. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पारा सात अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं, हे मऊच राहतं. माझे केव्हाच लावून झाले. आणि आई, उणे वीसच्या आकड्याला घाबरू नकोस. तेव्हा बर्फ कोरडा असतो, पकड बरी मिळते. वाईट दिवस शून्याच्या आसपासचे. वितळलेलं पाणी रात्री डांबरावर गोठतं आणि दिसतही नाही. पूल तर आधी गोठतात, खालूनही गार वारा लागतो म्हणून. अशा सकाळी मी घरून काम करेन.

थंडीचं म्हणशील तर सीट गरम होते, स्टिअरिंगही गरम होतं, घरातूनच गाडी चालू करता येते. चालू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढते, नाहीतर धूर आत येतो. मागे घोंगडी, फावडं, वाळूची पिशवी, सुका खाऊ. तुझ्या नाचणीच्या वड्या त्याच डब्यात आहेत, संपवलेल्या नाहीत. मेतकूटही आहे. दोन मोजे घालते. तिसरे घातले तर बुटात पाय जात नाही, त्यामुळे तो विषय आता बंद.

आता तुमचं. बाबा, मोतीबिंदू पिकला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, हे मला वहिनीकडून कळलं. ऑपरेशन होईपर्यंत रात्री गाडी काढायची नाही. तुमच्या हातावर माझा भरवसा आहे, आजही आहे, पण समोरच्या दिव्यांनी तुम्हाला चकाकतं हे तुम्हीच दादाला म्हणालात. कराडला आत्याकडे जायचं तर सकाळच्या एस्टीने जा, ज्येष्ठांना तिकीट तसंही सवलतीत आहे. हेळवाकच्या धुक्यात ताईच्या लग्नानंतरची ती रात्र एकदा झाली तेवढी पुरे. दादा पुढच्या आठवड्यात येतोय, तो तारीख घेईल, तुम्ही 'बघू' म्हणायचं नाही. आई, यांना चावी कुठे ठेवली ते सांगू नकोस. आणि तूही न्हाणीघरात रबराची चटई टाक, गुडघा अजून कच्चा आहे. गोळी जेवणानंतर, आधी नाही.

अजून एक काम. आपल्या गाडीच्या टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, असं नसतं, रबर जुनं होतं. चारही नंबरांचे फोटो मला वेगळे पाठवा. ग्रुपवर टाकू नका, काका त्यावरही व्हिडिओ पाठवतील.

तुमची,
बेबी