बाण डावीकडे का जातो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बाण सारखे डावीकडे जातात म्हणून तू स्वतःच्या हाताला बोल लावतोस, पण माझा संशय बाणांच्या लाकडी काड्यांवर आहे. त्या तुझ्या धनुष्याच्या मानाने ताठ असाव्यात. प्रत्यंचा सुटताच बाण आधी एका बाजूला वाकतो, मग उलट बाजूला, आणि असा लवलवतच मुठीला वळसा घालून पुढे निघतो. काडी फार ताठ असली, तर हा वळसा अपुरा पडतो आणि आपल्यासारख्या उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे सरकतो. फार लवचिक असली, तर उजवीकडे.

हा ताठपणा, म्हणजे स्पाइन, घरी मोजता येतो. एकमेकांपासून 26 इंचांवर असलेल्या दोन आधारांवर काडी आडवी ठेव, मधोमध 2 पाउंडांचे वजन टांग आणि ती किती इंच लवते ते पाहून 26 ला त्या आकड्याने भाग. काडी 0.52 इंच लवली, तर स्पाइन 50 पाउंड. मोजताना वर्षवलयांच्या दाट, समांतर रेषा दिसतात ती बाजू वजनाकडे ठेव, कारण पुढे तीच बाजू धनुष्याला टेकवायची असते. म्हणून प्रत्यंचा बसते ती मागची खाचही वलयांना आडवी पाडतात. काडीच्या वरच्या अंगाला रेषा टोकदार होऊन संपत असतील, तर ती टोके लक्ष्याकडे वळलेली हवीत. बाण मोडलाच, तर ढलपी हातात घुसण्याचा धोका कमी होतो. एवढी एक गोष्ट कधी विसरू नकोस.

वाकडी काडी सरळ करण्याचे काम मला सगळ्यात आवडते. बाक असेल तेवढाच भाग शेगडीवर फिरवत, हाताला जेमतेम सोसेल इतका तापवायचा, बाकाच्या उलट किंचित जास्त वाकवायचा आणि लाकूड निवेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मग एक डोळा मिटून काडीवरून नजर फिरवली, की उरलेली खोड दिसते. पिसांबद्दल इतकेच, की एका बाणाची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची घे.

आता माझी फजिती ऐक. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांपेक्षा उजवीकडे रुतला, म्हणून मी उत्साहाच्या भरात बाराही काड्या एकदम इंचभर कापल्या. आखूड काडी ताठ होते हे ठाऊक असूनही एक कापून, सोडून पाहण्याचा धीर मला नव्हता. सगळे बाण डावीकडे गेले. शेवटी बाणांची 100 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) टोके काढून 125 ग्रेनची बसवली, कारण जड टोकाने काडी जास्त लवते, आणि तेव्हा कुठे नऊ बाण वाचले.

म्हणून तू करवत बाजूला ठेव. दोन बाणांची पिसे काढ, ते पिसांच्या चार बाणांबरोबर सुमारे 15 मीटरवरून सोड आणि कोणते कुठे रुतले ते मला लिही. बिनपिसांचे बाण डावीकडेच गेले, तर आधी जड टोके लावून पाहू.

तुझा स्नेहांकित