अप्पांच्या नियमांचे इंजिन

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व ठीक. गुडघा आहे तसाच आहे. पत्राचे कारण निराळे असून ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्याची सोय नाही: अप्पांचे देशी बुद्धिबळ मी संगणकाला शिकवायला घेतले आहे.

स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमपासूनच (अशांना इंजिन म्हणतात) निघालेले फेअरी-स्टॉकफिश नावाचे इंजिन जपानी शोगी, चिनी शियांगची, थायलंडचे मकरुक असे कितीतरी खेळ खेळते आणि साध्या मजकुराच्या फाईलमध्ये नियम लिहून दिले, तर नवा खेळही उचलते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालेल आणि किल्लेकोट होणार नाही, एवढे दोन ओळींत भागले. राजाची एकदाच मिळणारी घोड्याची उडी मात्र अजून बसलेली नाही. शेवटच्या पट्टीत पोहोचलेल्या प्याद्याला त्या घराच्या मोहऱ्याचीच बढती मिळते, हा नियम कसा लिहावा हेही उमगलेले नाही. उंटाच्या घरात वजीर मागून तू पट उधळला होतास आणि वहिनींसमोर ते अजून माझ्या नावावर खपवतोस, तोच हा नियम.

२०२० साली डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतल्या मंडळींनी माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिकला बरोबर घेऊन बुद्धिबळाच्या नऊ बदललेल्या नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक प्रकारात त्यांचा अल्फाझीरो हा प्रोग्रॅम स्वतःशीच असंख्य डाव खेळून शिकला. त्या नऊंत किल्लेकोटाविना खेळ होता आणि एकच घर चालणारे प्यादेही होते. अप्पांनी हे ऐकून नुसती तपकीर ओढली असती.

मला घोर लागला आहे तो पुढचाच. वहीतला तुझा आणि अप्पांचा गणपतीतला डाव मी इंजिनासमोर ठेवला, तर अप्पांनी हत्ती मागे घेतला त्या खेळीला त्याने घोडचूक ठरवले, कारण तिथे वजिराने मात होत होती. ती अप्पांना दिसली नसेल, असे तूही म्हणणार नाहीस. त्यांना प्यादेमात, म्हणजे प्याद्यानेच दिलेली मात, हवी होती आणि तुझा एकटा राजा उरून बुर्जी होऊ नये, म्हणून तुझे एक मरतुकडे प्यादे ते शेवटपर्यंत सांभाळत होते. (तू ते स्वतःचे कौशल्य समजत होतास.) बुर्जी म्हणजे बरोबरी, असे सांगता आले तर शत्रूचे प्यादे राखणे इंजिनही शिकेल, परंतु प्यादेमात आणि वजिराची मात त्याच्या लेखी सारखीच, आणि जवळची असेल ती बरी. स्वतःशी खेळवून त्याचे न्यूरल नेटवर्क घडवले, तरी ज्या निकालावर ते शिकणार त्यात अप्पांचा मान कुठेच नाही. हे नियम जाणणारी माणसे आता आहेत किती? उद्या एखाद्या पोराने हा खेळ शिकायला घेतला, तर अप्पा कसे चुकले हेच त्याला शिकवले जाईल.

चिरंजीवांची बदली झाल्याचे कळले, आनंद वाटला. वहिनींना नमस्कार.

प्यादेमातीला जास्त गुण देऊन नेटवर्क घडवावे, असे आता मनात आहे आणि त्यासाठी मला एक आकडा हवा आहे. प्यादेमात झाली की अप्पा पैज दुप्पट वसूल करीत की तिप्पट? पैसे नेहमी तूच मोजलेस, तेव्हा तुला नक्की आठवत असेल. उलट टपाली कळव.

तुझा,
वसंता